म्युरलसाठी रंग घ्यायचाय? रविवार कारंज्याजवळच्या या दुकानात जा

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीच्या भिंतीवरचं गोदाघाटाचं चित्र बघून निदान पंधरा जणांनी तरी विचारलं असेल की रंग कुठला आणि घेतला कुठून, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दुकान रविवार कारंज्याहून मेन रोडकडे जाताना आतल्या गल्लीत आहे, छोटंसं, पुढे बादल्या रचलेल्या असतात त्यामुळे पटकन लक्षातच येत नाही.

आधी काय झालं ते सांगते. दिल्लीला लोधी कॉलनीत फिरले होते, सरकारी क्वार्टर्सच्या त्या मोठमोठ्या भिंतींवरची चित्रं बघत सकाळपासून दुपारपर्यंत नुसती चालत होते, तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्या ६० फुटी कंपाउंडवर पण असं काहीतरी व्हायला पाहिजे. मग वर्गणी काढून एकाला काम दिलं. त्याने मे महिन्यात तीन दिवसात चित्र उरकलं, दिसत पण छान होतं, आणि जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला तसे खालून पोपडे सुटायला लागले. गणपतीपर्यंत अर्धी भिंत सोललेली. पोरं रोज शाळेतून येताना बघायची आणि गप्प व्हायची, मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या वेळी मीच रंग आणायला निघाले आणि काय सुचलं कोण जाणे, एक पोपडा पिशवीत टाकून नेला. त्याआधी दोन दुकानांत गेले तर दोन्हीकडे पहिला प्रश्न "शेड कुठला?" इथल्या काकांनी पोपडा हातात घेतला, उलटा केला, मागची पांढरी पूड नखाने खरवडली आणि म्हणाले, "ताई, रंग राहू द्या, भिंतीच्या मागे काय आहे?" मागे आमची बाग, माती थेट भिंतीला टेकलेली. म्हणाले हा खार आहे, ओल मागून येते आणि सोबत क्षार घेऊन येते, वरून कितीही भारी रंग मारा तो ढकलून देणारच.

त्या दिवशी त्यांनी मला काहीच विकलं नाही. माती भिंतीपासून फूटभर मागे घ्या, जुना रंग तारेच्या ब्रशने पार प्लास्टरपर्यंत काढा, आणि मग प्लास्टिकचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा, एवढं सांगून पाठवलं. आम्ही नोव्हेंबरात हे सगळं केलं आणि दोनदा दव दिसलं. तिसऱ्या वेळी, डिसेंबर संपताना, प्लास्टिक कोरडं निघालं तेव्हा परत गेले.

वरच्या भागाला एक्स्टिरियर प्रायमर आणि एक्स्टिरियर इमल्शन दिलं, पण खालच्या दीड फुटाला इमल्शन नकोच म्हणाले, तिथे सिमेंट पेंट, कारण तो ओल आत कोंडत नाही, फक्त मारल्यावर दोन दिवस पाणी मारत राहायचं. आमच्या चित्रात खाली घाटाच्या पायऱ्या होत्याच, मग त्या काळ्या-करड्या पायऱ्या सिमेंट पेंटमध्येच केल्या, उद्या कुठे उडालं तर तेवढाच पट्टा परत मारता येतो.

आता स्टेनरबद्दल, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायच्या त्या छोट्या बाटल्यांतल्या रंगाबद्दल, कारण हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. आपण काय करतो, पांढरी बादली घेतो आणि गडद रंग हवा म्हणून बाटल्यांवर बाटल्या ओततो. काका म्हणाले लिटरला ५० मिलीच्या वर नको, रंग नीट सुकत नाही आणि पावसात ओघळतो, गडद हवा असेल तर डीप बेसमध्ये, म्हणजे गडद शेडसाठीच्या वेगळ्या मूळ रंगात, मशीनवर बनवून घ्या. मशीनवर एक लिटरचा डबा पण करून देतात आणि झाकणावर शेडचा नंबर मार्करने लिहून देतात, पुढे टचअपला तोच लागतो.

चित्रात घाटावरचा दुतोंड्या मारुती होता, गोदेला पूर आला की पाणी किती चढलं ते ज्याच्यावरून बघतात तो, आणि त्याचा शेंदूर ही सगळ्यात अवघड गोष्ट होती. झगझगीत केशरी उन्हात लवकर उडतो, आणि आमची भिंत पश्चिमेला, दुपारनंतरचं सगळं ऊन तिच्यावर. त्यांनी सुचवलं की आधी रेड ऑक्साइड आणि यलो ऑक्साइड मिसळून दोन हात मारा, हे उन्हात टिकतात, आणि झगझगीत केशरी फक्त वरून एक हात. म्हणजे वरचा फिका पडला तरी खालून विटकरी शेंदूर दिसतो, मारुती पांढरा पडत नाही. कॉलनीतल्या रिटायर्ड ड्रॉइंग सरांनी निळीच्या दोरीने फुटाफुटाचे चौकोन मारून दिले, पोरांनी चौकोन भरले, आणि मारुतीच्या कमरेपर्यंत गंगेचं (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात) पाणी दाखवायचं की छातीपर्यंत यावरून आजोबा मंडळींची चांगली तासभर चर्चा झाली, प्रत्येकाला आपापला पूर आठवत होता. शेवटी कमरेवर ठरलं.

बिल ब्रश-रोलर धरून साडेआठ हजाराच्या आसपास झालं. दोन सीलबंद डबे उरले ते कुरकुर न करता परत घेतले.

कमी काय आहे तर गाडी लावायला जागा अजिबात नाही, रिक्षाने जा. दुपारी दुकान बंद असतं. स्प्रे कॅन चार-पाच रंगांतच आहेत, ज्यांना पूर्ण स्प्रेवर काम करायचंय त्यांनी मुंबई-पुण्याहूनच आणावेत. आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, ठेकेदारांची गर्दी असते, काकांना बोलायला वेळच नसतो, आणि तिथे जायचं ते त्यांच्याशी बोलायलाच.

भिंतीने आता एक अख्खा पावसाळा काढलाय. डाव्या कोपऱ्यात नळाजवळ पायरीवर वीतभर पांढरं आलं, तेवढं घासून परत मारलं, बाकी कुठेच पोपडा नाही. मारुतीचा केशरी थोडा उतरलाय पण शेंदूर शेंदूरच दिसतो.

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी भिंती रंगवायला घेणारे जे कुणी असतील त्यांनी काम सुरू करायच्या आधी एकदा इथे जाऊन याच. जाताना भिंतीचा, आणि भिंतीच्या मागच्या बाजूचा पण फोटो न्या, आणि निघत असेल तर पोपडा.