सोनी एफई ३५ मिमी एफ/१.८ : 'इकडे बघा' न म्हणता लग्न टिपणाऱ्यांसाठी

वजन २८० ग्रॅम, फिल्टर ५५ मिमीचा. २०१९ साली आलेली ही लेन्स कॅमेऱ्यावर असली की जोडप्याला समोर तोफ रोखल्यासारखं वाटत नाही, आणि सहज फोटो हवे असतील तर निम्मं काम तिथेच होतं. दीड-दोन मीटरवर उभं राहिलं की चेहऱ्यासोबत आजूबाजूची माणसंही फ्रेममध्ये येतात. मीटरच्या आत मात्र शिरू नका. नाक मोठं दिसतं, कडेची माणसं ताणली जातात. अंगठीसाठी २२ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं.

ऑटोफोकस जलद, जवळजवळ बिनआवाजी. एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, कोपरे काळवंडतात, चमकत्या वस्तूंच्या कडांना जांभळट-हिरवी झाक येते, छिद्र थोडं लहान करून एफ/२.८ वर दोन्ही बरंच कमी. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) नाही, पण चालत्या माणसाचा फोटो काढताना त्याचा उपयोग तरी काय? शटर १/२५० सेकंद ठेवा, ऑटो आयएसओला (प्रकाशानुसार कॅमेरा स्वतः ठरवतो ती संवेदनशीलता) ६४०० ची मर्यादा घाला. कॅमेऱ्याच्या सायलेंट (बिनआवाजी, इलेक्ट्रॉनिक) शटरमुळे एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे येऊ शकतात. तो दोष लेन्सचा नव्हे. लेन्सवरच छिद्र बदलायची अॅपर्चर रिंग नाही, ही खरी उणीव. दूरवरचे हावभाव टिपायला दुसऱ्या कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स लागतेच.