बॉल जॉइंट बदलल्याचं बिल घेतलं आणि जुन्यावरच काळा रंग मारून दिला, जुनी पिकअप असेल तर हे वाचाच

नाव कुणाचं घेणार नाहीये, पण जे झालं ते सगळं लिहितोय. जुनी पिकअप वापरणाऱ्या कुणालाही असं फसवता येतं आणि यात नुसते पैसे जात नाहीत, चालत्या गाडीचं चाक आडवं पडू शकतं.

माझी पिकअप बरीच जुनी आहे, पुढे टॉर्शन बारवालं सस्पेन्शन. म्हणजे पुढे कॉइल स्प्रिंग नसते, चॅसीच्या कडेने एक लांब दांडा जातो, तो पिळला जातो आणि तोच स्प्रिंगचं काम करतो. बरेच दिवस पुढून खडखड येत होती, बारक्या खड्ड्यातही टकटक, ब्रेक दाबला की स्टेअरिंग एका बाजूला ओढायचं आणि समोरून बघितलं तर गाडी पुढे बसल्यासारखी दिसायची. गॅरेजवाल्याने गाडी उचलली, चाक धरून हलवून दाखवलं आणि म्हणाला साहेब चारही बॉल जॉइंट गेलेत, लोअर आर्मचे बुश संपलेत, टाय रॉड एंड पण गेलेत, पूर्ण फ्रंट एकदाच करून टाका परत बघायला नको. (आर्म म्हणजे चाकाला चॅसीशी जोडणारा हात, त्यातला खालचा तो लोअर; बॉल जॉइंट म्हणजे आर्मच्या टोकाचा, चाक धरून ठेवणारा बॉल-सॉकेटचा सांधा; बुश म्हणजे आर्मच्या चॅसीकडच्या टोकातलं रबर; टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा.) आणि हे अगदी खरं होतं! पार्ट खरंच गेले होते, चाक हलताना मी स्वतः बघितलं होतं, म्हणून तर काम करायला सांगितलं. बनवाबनवी त्यानंतरची.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा पुढून चांगली उचललेली दिसत होती, आवाज बंद, खाली वाकून बघितलं तर आर्म, जॉइंट सगळं काळंभोर आणि जॉइंटच्या रबरी बुटाभोवती ताजं ग्रीस. जुने पार्ट दाखव म्हटलं तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. बिलावर एकच ओळ, फ्रंट सस्पेन्शन पूर्ण काम पार्ट आणि मजुरीसह. कुठल्या कंपनीचा पार्ट, त्याचा नंबर काय, डावा का उजवा, वरचा का खालचा, काही नाही.

थोडे दिवस बरे गेले. मग हळूहळू टकटक परत सुरू झाली आणि आता एक नवीन आवाज, उंचवट्यावरून चाक खाली उतरलं की धाडकन काहीतरी आदळायचं. गाडी पहिल्यापेक्षा कडक झाली होती आणि पुढचे टायर एका कडेने खायला लागले. परत त्याच्याकडे गेलो तर त्याने चॅसीखाली जॅक लावला, चाक वरखाली हलवलं आणि म्हणाला बघा साहेब, जरासुद्धा प्ले (ढिलेपणा) नाही, जुनी गाडी आहे, थोडा आवाज करणारच. आणि खरंच त्या वेळी चाक हललं नाही. हा जो जॅकचा प्रकार आहे ना तो नीट समजून घ्या, कारण याच्यावरच तो निभावून नेत होता.

टॉर्शन बार असो की कॉइल, जिथे स्प्रिंगचा जोर लोअर आर्मवर येतो तिथे चॅसीखाली जॅक लावला की चाक लोंबकळतं पण स्प्रिंगचा जोर पूर्ण जात नाही, तो आर्मला खाली ढकलतच राहतो आणि जॉइंटमधला बॉल ताणात एका बाजूला दाबून धरलेला असतो. मग तो कितीही झिजलेला असला तरी हाताने हलत नाही. प्ले बघायचा तर जॅक लोअर आर्मखाली लावायचा, चाकाच्या होईल तेवढा जवळ, म्हणजे जोर जॅकवर येतो आणि जॉइंट मोकळा होतो. मग चाक वर आणि खाली धरून हलवायचं, किंवा टायरखाली पहार घालून उचलून बघायचं. स्प्रिंग वरच्या आर्मवर बसलेली असेल अशा गाडीत उलटं, तिथे जॅक चॅसीखालीच. आणि चाक हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, हलणं थांबलं तर बेअरिंग ढिलं आहे, तरीही हललं तर बॉल जॉइंट. आडवं धरून हलवल्यावर जो प्ले येतो तो बहुतेक टाय रॉडकडचा.

तर मी गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, वयस्कर माणूस, आमच्यात सगळे त्याला काका म्हणतात. त्याला आधीचं काही बोललो नाही, फक्त पुढून आवाज येतोय म्हटलं. काकाने जॅक आर्मखाली लावला आणि पहार नुसती टेकवली तर डाव्या बाजूचा खालचा जॉइंट डोळ्याला दिसेल इतका उचलला गेला. मग म्हटलं काका हे सगळं नुकतंच बदललंय. त्यांनी बॅटरी मारली, वायर ब्रशने जॉइंटच्या कडेचा रंग घासला आणि मला म्हणाले ये इकडे, खाली झोप आणि स्वतः बघ.

रंगाखाली रिवेट होते. गोल डोक्याचे, गंजलेले, कंपनीतून आलेले रिवेट.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, बऱ्याच जुन्या पिकअपमध्ये कंपनीचा बॉल जॉइंट आर्मला रिवेटने ठोकलेला असतो आणि बदली जॉइंट येतो तो नट बोल्टवाला. जुना काढायचा तर रिवेटची डोकी ग्राइंडरने कापावी लागतात किंवा ड्रिल मारावं लागतं, रिवेट तोडल्याशिवाय तो निघत नाही. म्हणजे अशा गाडीत रिवेट जागेवर आहेत याचा अर्थ तो जॉइंट गाडी बनली त्या दिवसापासून तिथेच आहे. सगळ्याच गाड्यांत रिवेट नसतात, काहींत जॉइंट प्रेसने बसवलेला असतो, काहींत पूर्ण आर्मच बदलावा लागतो, त्यामुळे आपल्या गाडीत काय आहे ते काम द्यायच्या आधी विचारून घ्या आणि कामाआधीचे फोटो काढून ठेवा.

पुढे एकेक निघत गेलं. कॅसल नटमधली (खाचावाल्या नटमधली) स्प्लिट पिन, जी नट सुटू नये म्हणून घालतात, ती जुनीच, गंजून नटाला चिकटलेली आणि तिच्यावरून रंग गेलेला. जॉइंट बदलला असता तर पिन काढावीच लागली असती, आणि काढलेली पिन परत कुणी घालत नाही, नवीनच घालतात. बुशच्या रबराला चिरा पडलेल्या, त्या ग्रीसने बुजवलेल्या, वर ते साधं ग्रीस रबराला खातं, म्हणजे होतं नव्हतं तेही गेलं. नवीन काय होतं तर फक्त टाय रॉड एंड, कारण ते चाकाच्या आत वाकून बघितलं की लगेच दिसतात.

आणि पुढून गाडी उचलली कशी गेली, तर टॉर्शन बारच्या ॲडजस्टरचे दोन बोल्ट. त्यांच्यावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या. बोल्ट आवळले की गाडी पुढून उठते, बसलेल्या गाडीचा आर्म बंप स्टॉपवर (वरच्या रबरी ठोकळ्यावर) आदळून जो आवाज यायचा तो बंद होतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं गाडी नवी झाली. पण आर्मला खाली जायला जागा उरत नाही, म्हणून उतरताना धाडकन आवाज, जॉइंटचा कोन तिरका झाल्याने ते आणखी लवकर झिजतात, आणि उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात, टायर त्यामुळेच खाल्ले. त्याने अलाइनमेंटचेही पैसे लावले होते, रिपोर्ट मात्र दिला नव्हता.

मला सगळ्यात जास्त राग याचा आला की पार्ट गेलेत हे त्याने स्वतःच मला दाखवलं होतं. खालचा जॉइंट सॉकेटमधून निसटला तर चाक आडवं होतं आणि स्टेअरिंग असून नसल्यासारखं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी त्याने ती गाडी रंगवून माझ्या हातात दिली आणि मी त्याच्यात माल भरून घरच्यांना शेजारी बसवून फिरत होतो.

फोटो घेऊन गेलो तर आधी म्हणाला नवीन पण रिवेटवालेच येतात, मग पार्ट कुठून घेतले त्याची पावती दाखव म्हटलं तर म्हणाला पोराने काम केलं, मी नव्हतो. काकांनी तपासणीत काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं होतं, ते आणि त्याचंच बिल समोर ठेवून लेखी तक्रार करतोय म्हणून सांगितलं तेव्हा पार्टचे पैसे परत केले. मजुरी आणि टायरचे नाही दिले, तक्रार मी त्यासाठी केलीच आहे.

काकांकडे काम माझ्यासमोर झालं. रिवेट कापले, बोल्टवाले जॉइंट बसवले, कॅसल नटचं भोक जुळत नव्हतं तर नट मागे न घेता पुढच्या भोकापर्यंत आवळला. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना नुसते लावून ठेवले आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच फायनल आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं, हे विचारून घ्या कारण घाईत बरेच जण हवेतच आवळून टाकतात. मग दोन्ही बाजूंची उंची मोजून ॲडजस्टर सारखे केले आणि त्यानंतर अलाइनमेंट, आधीचे नंतरचे आकडे छापलेल्या कागदासकट. बिलावर प्रत्येक पार्टची बाजू आणि नंबर आहे, जुने पार्ट गोणीत भरून मी घरी आणलेत, आणि थोडी गाडी चालली की सगळे नट बोल्ट परत चेक करायला काकांनी बोलावलंय.