गळती शोधणारा टेस्टरच गळतो: कूलंट प्रेशर टेस्टर, आठ महिन्यांनंतर

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कुठे गळतंय ते हवेचा दाब देऊन शोधायचं हे किट. आधी तक्रार सांगतो, मग बाकीचं. किटमधल्या अडॅप्टरचा, म्हणजे कूलंटच्या बाटलीच्या तोंडावर बसणाऱ्या जोडाचा, रबरी वॉशर गळतो. 2,850 रुपये मोजून घेतो आपण, निळी ऐटबाज पेटी येते, चौदा अडॅप्टर येतात (माझ्या कामाचा त्यातला एकच), आणि ज्याच्यावर सगळी मदार तो वॉशर खोडरबरापेक्षा कडक!

गाडी 2008 ची डिझेल हॅचबॅक, 1,84,000 किलोमीटर झालेली. पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरून पासिंग केलं, पाच वर्षं वाढवून मिळाली. ती पाच वर्षं वसूल केल्याशिवाय मी गाडी सोडणार नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तापमानाचा काटा वर गेला. गाडी थंड झाल्यावर बघितलं तर बाटलीत कूलंट खालच्या रेषेच्याही बोटभर खाली. जमिनीवर थेंब नाही, पायाखालचं कार्पेट कोरडं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस नाही. नेहमीच्या फिटरने दोन मिनिटं बॉनेटमध्ये डोकावून निकाल दिला, "साहेब, हेड गॅस्केट." म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील गेलं. हेड उतरवणं, मशीनवर त्याचा तळ सपाट करणं, नवे बोल्ट, टायमिंग किट धरून 38,000. गाडी विकली तरी एवढे येतील की नाही, शंकाच. म्हणून टेस्टर मागवला.

वापरायला अवघड काही नाही. इंजिन पूर्ण थंड हवं, गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. बाटलीचं झाकण काढून अडॅप्टर बसवायचा, हातपंप मारायचा आणि टेस्टरच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. माझ्या झाकणावर 1.4 बार छापलंय, त्याच्या आतच थांबायचं. जास्त जोर केला तर जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या तडकतात.

मी 1.1 वर थांबलो. दहा मिनिटांत काटा 0.6 वर. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो, कुठे ओल नाही. बाहेर येत नाही म्हणजे आत सिलिंडरमध्ये जातंय, म्हणजे फिटर बरोबर. त्याला फोन करून सोमवारची वेळही घेतली.

रविवारी घरातला गॅस सिलिंडर बदलला. आईने सवयीने रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघितला, आणि माझी ट्यूब पेटली. तोच फेस घेऊन खाली गेलो, टेस्टरला पुन्हा हवा भरली, अडॅप्टरभोवती फासला. बारीक बुडबुड्यांची माळच निघाली! इंजिन नव्हे, टेस्टर गळत होता. या वॉशरपायी 38,000 चं हेड उघडलं जाणार होतं. कंपनीला कळवलं, तर "रबरी भागांना वॉरंटी नाही." नाना पेठेत पाच रुपयांना तशीच ओ-रिंग मिळाली. दुकानदार एक देईना, तीन घ्याव्या लागल्या. तेव्हा एक स्टार दिला होता.

नवी रिंग घातल्यावर काटा वीस मिनिटं हलला नाही. फिटरला नाही म्हणून सांगितलं. पण कूलंट कमी होतच राहिलं, तीन आठवड्यांत जवळजवळ अर्धी बाटली. मग रात्री हवा भरून टेस्टर तसाच ठेवला. सकाळी काटा 0.5 वर आणि टायमिंग बेल्टच्या कव्हरच्या खालच्या कडेला गुलाबी पाणी. कूलंट फिरवणारा वॉटर पंप! पंपाचं सील झिजलं की त्याच्या बारीक भोकातून कूलंट पाझरतं. गाडी चालू असताना ते गरम इंजिनवरच सुकतं, म्हणून जमिनीवर थेंब नाही. कव्हर काढलं तर आत मिठासारखा गुलाबी थर. धातू आणि रबर गार होऊन आकसल्यावरच उघडणाऱ्या गळत्या असतात, त्या वीस मिनिटांत सापडत नाहीत. माहितीपत्रकात याबद्दल अक्षर नाही. पंप आणि बेल्ट मिळून 9,400. फिटर म्हणाला, "मी म्हणालोच होतो, पंपही असू शकतो." म्हणाला नव्हता.

इथे स्टार तीन केले.

सोबत निळ्या द्रवाची नळी आहे, बाटलीतली हवा त्यातून ओढायची. जळालेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर कार्बन डायऑक्साइडमुळे रंग बदलतो. पत्रकात पिवळा होतो असं लिहिलंय, पण ते पेट्रोलचं. डिझेलमध्ये जादा हवा असते, कार्बन डायऑक्साइड कमी, त्यामुळे बहुधा हिरवटच होतो. अ‍ॅक्सिलरेटर न देता नुसत्या आयडलवर तर फसगतच. दोन हजार आरपीएमला काही मिनिटं धरून मग बघावं, आणि नळीत कूलंट ओढलं जाऊ देऊ नये. माझा निळाच राहिला.

खरोखर गेलेलं गॅस्केट बघायला मिळालं ते वाईच्या मेहुण्यांच्या जुन्या जीपमध्ये. सकाळी थंड इंजिन, टेस्टर लावला, पंपाला हातही न लावता गाडी चालू केली. मिनिटभरात रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक आणि काटा आपोआप 1 वर. ताबडतोब बंद केली. तरी हेडवर आळ घेण्याआधी ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्टचा गॅस कूलंटने गार करणारा भाग) वगळून बघितला, कारण तो आतून तडकला तर एक्झॉस्टचा गॅस असाच पाण्यात येतो. त्याचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडले. तरी काटा चढला, द्रवही हिरवा झाला. हेड उघडलं तेव्हा दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटवर काळा पट्टा. हेडवर सरळ पट्टी धरली तर खालून 0.15 मिलिमीटरचं पातं सरकलं, म्हणजे हेड वाकलेलं.

मेहुणे म्हणाले, "दाजी, भारी आहे हो हे," आणि पेटी ठेवून घेतली. तेव्हापासून तिकडेच आहे. चार स्टार करतोय, पाचवा वॉशरचा कापला. उरलेल्या दोन ओ-रिंगा मात्र माझ्याकडेच आहेत.