‘कॅट-६’ छापलेला सीसीए केबलचा खोका: पाचपैकी एक स्टार

ठाणे स्टेशनाजवळ काय किंवा वाशीत काय, लॅन केबल मागितली की दोन खोके पुढे येतात. दोन्ही ३०५ मीटरचे, दोन्हींवर ‘कॅट-६’ हा केबलचा दर्जा छापलेला, भावात मात्र मोठा फरक. स्वस्तातला तो सीसीए, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ मुलामा.

आधी खोका उचलून बघा. २३ गेज जाडीच्या आठ तारा ३०५ मीटर म्हणजे नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं. सीसीएत धातू जेमतेम दोन किलो. शंका उरलीच तर तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली की विषय संपला, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो.

दिव्यांचा साधा टेस्टर या केबलला बिनदिक्कत पास करतो. तार अखंड आहे एवढंच त्याला कळतं, रोध कळत नाही. आणि सीसीएचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. घोडबंदर रोडच्या मोठ्या सोसायटीत गेटवरचा पीओई कॅमेरा (लॅन केबलमधूनच वीज घेणारा) नेटवर्क स्विचपासून सहज ७०-८० मीटर लांब पडतो. दिवसा तो छान चालतो. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की करंट वाढतो, व्होल्टेज केबलमध्येच पडतं आणि कॅमेरा रात्रभर बंद-चालू होत राहतो. मग कॅमेरा बदलतात, स्विच बदलतात; केबलवर संशय शेवटी जातो.

सांधे हे दुसरं दुखणं. अ‍ॅल्युमिनियमची तार दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि खाडीच्या दमट हवेत उघड्या टोकावर ऑक्साइड चढतं. आठ तारांच्या चार रंगीत जोड्यांपैकी निळी किंवा तपकिरी गेली तरी नेट बहुधा बंद पडत नाही, गिगाबिटचं गुपचूप १०० एमबीपीएस होतं. तेवढ्याला नारिंगी आणि हिरवी पुरते.

पैसे प्युअर कॉपरमध्येच घाला. तिथेही कनेक्टरपाशी जोड्यांचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका आणि भिंतीतली लाइन ९० मीटरच्या आत ठेवा, पुढे फायबर. गच्चीवर काळं पीई (पॉलिथिलीन) वेष्टनच हवं, साधं पीव्हीसी उन्हाने तडकतं.

एक स्टार दिलाय तो केबल खोक्यातून न गुंतता निघते म्हणून. पीओई नसेल तर टीव्हीपर्यंतच्या पाच-सात मीटरला सीसीए चालून जाईल, पण तेवढ्यासाठी ३०५ मीटर कोण घेतं?