काळ्या कुत्र्याच्या मागावर: बंगी-ब्लायबरा सहल

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरिचला लेकी-सुनांकडे येणाऱ्या मंडळींनी ही सहल करावी का? करावी, पण गाइडचं अर्धंच ऐकावं. सहल चालवणारा एकटाच गृहस्थ आहे, त्यामुळे नाव मुद्दाम देत नाही. त्याचीच छोटी व्हॅन, सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. विषय एकच, ब्लॅक शक: नॉरफॉक-सफोकच्या किनाऱ्यावर आणि दलदलीच्या वाटांवर रात्री दिसतो म्हणतात तो भुताटकीचा काळा कुत्रा. दिसला की वर्षाच्या आत घरात मरण, असा इथला जुना समज.

वाटेत गाइड इंग्लंडभरच्या अशा कुत्र्यांची हजेरी घेतो. यॉर्कशायरचा बारगेस्ट, समुद्रापलीकडच्या आइल ऑफ मॅनवर पील किल्ल्यातला मॉडी डू, चर्चचं आवार राखणारा चर्च ग्रिम. ‘जेन एअर’ या कादंबरीत (१८४७) संध्याकाळच्या अंधारात रॉचेस्टरचा कुत्रा समोर येतो आणि जेनला लहानपणी ऐकलेलं गायट्रॅश नावाचं कुत्र्याच्या रूपातलं भूत आठवतं, तो उतारा त्याने छान वाचला. मग गाडी शेरलॉक होम्सवर. कॉनन डॉयल १९०१ मध्ये फ्लेचर रॉबिन्सन या मित्राबरोबर नॉरफॉकच्या क्रोमर गावी उतरला होता आणि भुताळ्या कुत्र्याच्या गप्पांतून ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ही होम्सची कादंबरी सुचली. तेव्हा तो कुत्रा आमचाच, असं गाइडचं म्हणणं. रॉबिन्सन पार नैऋत्येकडच्या डेव्हनचा, कादंबरी घडते डेव्हनमधल्या डार्टमूरवर, म्हणजे या मालकीच्या दाव्यात फारसा दम नाही. ऐकायला मात्र मजा येते.

बंगी हे लहानसं गाव. बाजारात खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी कुत्रा, तोही विजेच्या लोळावर धावणारा. गावाच्या बोधचिन्हात तोच, फुटबॉल क्लबचं टोपणनावही ‘ब्लॅक डॉग्ज’. खरी गंमत सेंट मेरी चर्चमध्ये. ४ ऑगस्ट १५७७, रविवार, प्रार्थना चालू आणि बाहेर भयंकर वादळ. एब्राहम फ्लेमिंग नावाच्या लेखकाने त्याच वर्षी लंडनमध्ये यावर एक चोपडी छापली. गाइड तिची लॅमिनेट केलेली पानं वाटतो आणि आवाज चढवून वाचतो: काळ्या कुत्र्याच्या रूपातला सैतान विजेच्या लखलखाटात चर्चभर धावला, गुडघे टेकून बसलेल्या दोघांच्या मधून गेला आणि दोघांच्या माना एकदम मुरगळल्या. तिसऱ्याच्या पाठीवर असा फटका बसला की तो आगीत होरपळलेल्या कातड्यासारखा आकसला, पण जगला. पन्हळ साफ करणारा चर्चचा नोकर खाली फेकला गेला, त्याला फारसं लागलं नाही. घड्याळाच्या तारा आणि चाकं पिळवटून तुटली. दगडांवर आणि दारावर नख्यांसारख्या खुणा राहिल्या.

माझी सगळी नोकरी वीज मंडळाच्या उपकेंद्रांत गेली. ते पान हातात आल्यावर मला कुत्रा दिसेना, अपघाताचा पंचनामा दिसायला लागला. वीज बुरुजावर पडली. त्या काळात तडितरक्षक कुठला, जमिनीत उतरायला धड वाट नाही. मग ती घड्याळाच्या तारांतून गेली, ओल्या दगडांतून गेली, जवळच्या माणसांवर उडाली. दगडातल्या ओलाव्याची क्षणात वाफ होते आणि चिरा फुटतो, त्या झाल्या नख्या. स्नायू आखडतात, तो झाला आकसलेला माणूस. एक मेला आणि शेजारचा वाचला, हेही विजेच्या अपघातात नेहमीचंच. फ्लेमिंगने सैतान लिहिला, पण तपशील एकही वाया घालवला नाही!

मी हे बोलायला लागले तर जावईबापू कानात म्हणाले, “आई, सहल संपेपर्यंत तरी त्यांचा कुत्रा जिवंत राहू द्या.” गाइडने मात्र ऐकून घेतलं आणि स्वतःहून चर्चच्या जुन्या दफ्तरातली नोंद सांगितली: जॉन फुलर आणि अॅडम वॉकर, वादळात घंटाघरात मृत्यू. नोंदीत कुत्र्याचं नावही नाही. ही नोंद तो एरवी सांगतो की नाही कोण जाणे. तुम्ही आवर्जून विचारा, सहलीतला सगळ्यात भारी भाग तोच आहे.

जेवण वाटेतल्या पबमध्ये. शाकाहारी लोकांनी भाजलेल्या बटाट्यावर समाधान मानावं, किंवा माझ्यासारखे ठेपले न्यावेत.

दुपारी ब्लायबरा. चर्च प्रचंड, भोवती दलदल, म्हणून त्याला ‘दलदलीचं कॅथीड्रल’ म्हणतात. फ्लेमिंगच्या म्हणण्याप्रमाणे कुत्रा त्याच दिवशी इथे येऊन तुळईवर बसला, दोन पुरुष आणि एका मुलाला मारलं. उत्तरेच्या दारावर लांबट काळे डाग आहेत. गाइड त्यांवर बोट ठेवून म्हणतो, “सैतानाच्या नख्या.” इथे माझं आणि त्याचं बिनसलं. त्यानेच वाटलेल्या पानात नख्यांच्या खुणा बंगीच्या दारावर आहेत, ब्लायबऱ्याच्या नाही. शिवाय डाग जवळून पाहा: लाकूड ओरबाडलेलं नाही, जळलेलं आहे. मेणबत्तीची ज्योत लाकडाला टेकवून धरली की असेच डाग पडतात. इंग्लंडच्या जुन्या घरांत चौकटींवर, तुळयांवर ते खूप सापडतात, आणि वास्तूला आगीपासून, वाईट शक्तींपासून राखायला लोक ते मुद्दाम पाडत असावेत असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे सैतान बाहेर ठेवायला केलेली खूण आज त्याच्याच नावावर खपते. एवढी मस्त गोष्ट हाताशी असून गाइड ती सांगत नाही, याचा मला राग आला.

दुसरी तक्रार वेळेची. छतावर पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत, फिकट झालेल्या रंगांतले. ते मान वर करून निवांत बघायचे, तर हा बाबा घड्याळ दाखवत दारात उभा.

पाचपैकी साडेतीन. दोन्ही चर्चमध्ये तिकीट नाही, पेटीत काहीतरी टाका. आत उन्हाळ्यातही गारठा असतो, शाल न्या. आणि बुकिंग करतानाच ब्लायबऱ्यात किमान पाऊण तास मिळेल असं त्याच्याकडून कबूल करून घ्या.