मेट्रो कार्ड: प्रवास झकास, तक्रारीला वाली नाही

सुट्ट्या पैशांची कटकट गेली, याचे दोन तारे. बाकीचे कापले, कारण बाहेर पडताना टॅपची नोंद झाली नाही आणि पुढच्या वेळी फाटकाने अडवलं. लाल दिवा, मागे रांग. खिडकीवर नोंद दुरुस्त झाली, पण जादा भाडं कापूनच. परतावा मागितला तर स्टेशनवाले कार्ड देणाऱ्या बँकेकडे बोट दाखवतात, बँक स्टेशनकडे. संताप येतो! माझी आई तर असे पैसे सोडूनच देते.

हे कार्ड म्हणजे एनसीएमसी, मेट्रो-बसला चालणारं बँकेचं कार्ड. त्याची ऑफलाइन रक्कम, कमाल २००० रुपये, कार्डाच्या चिपमध्येच असते. म्हणून ॲपमधला आकडा लगेच जुळत नाही. तक्रार लेखीच करा, क्रमांक घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.