इफ-एल्सची शिडी, जुना स्विच की बाणवाला?

दोन-तीन शक्यता असतील, किंवा 'रक्कम 500 पेक्षा जास्त आहे का' असलं काही तपासायचं असेल, तर इफ-एल्स लिहा आणि पुढच्या कामाला लागा. प्रश्न येतो तो एकाच व्हेरिएबलच्या सात-आठ व्हॅल्यू असतात तेव्हा. मी जावात काम करतो, म्हणून बोलतोय तेही मुख्यतः जावापुरतंच.

अशा ठिकाणी मी वर्षानुवर्षं डोळे झाकून जुना स्विच लिहायचो, म्हणजे व्हेरिएबल एकदाच वर आणि खाली प्रत्येक व्हॅल्यूसाठी एक केस. एकाखाली एक इफ-एल्सच्या शिडीत प्रत्येक पायरीवर तीच तुलना पुन्हा वाचावी लागते. स्विचमध्ये नजर सरळ खाली उतरते. वेगाचं म्हणाल, तर डेटाबेसच्या उत्तराची वाट बघणाऱ्या आमच्या कोडमध्ये मला तरी फरक कधी जाणवला नाही.

नडला तो ब्रेक, म्हणजे केस संपली की स्विचमधून बाहेर काढणारी ओळ. ती नसेल तर कोड घसरून खालच्या केसमध्ये शिरतो. दोन ब्रांच मर्ज करताना, कॉन्फ्लिक्ट सोडवता सोडवता 'रद्द'च्या केसखालची ब्रेकची ओळ उडाली. माझ्याच हातून. कंपायलर गप्प. टेस्टही हिरव्या, कारण रद्दचा मेसेज गेला का एवढंच त्या बघत होत्या. ग्राहकांना आधी 'ऑर्डर रद्द झाली' आणि पाठोपाठ 'ऑर्डर निघाली आहे' असे दोन एसएमएस! रात्री साडेअकराला फोन आला. होता तो कोड मी दहादा वाचला. नसलेली ओळ दिसणार कशी?

हे घसरणं सी भाषेकडून वारशाने आलेलं. सी शार्पमध्ये ब्रेक विसरलात तर कोड कंपाइलच होत नाही. गोमध्ये घसरायचं असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. जावात बाणवाला स्विच पक्का व्हायला 2020 साल, म्हणजे जावा 14 उजाडावं लागलं. केसपुढे बाण (->) आला की घसरण बंद. शिवाय स्विचचं उत्तर थेट व्हेरिएबलमध्ये घेता येतं, आणि तसं घेताना इनममधली (ठरावीक व्हॅल्यूंच्या यादीतली) एखादी व्हॅल्यू राहिली तर कंपायलर तिथेच अडवतो. म्हणून अशा जागी मी डिफॉल्ट (उरलेल्या सगळ्या व्हॅल्यूंसाठीची केस) मुद्दाम लिहीत नाही. लिहिला की ही राखण गेली.

शिडीच्या बाजूने एक सांगायला हवं: व्हेरिएबल नल, म्हणजे रिकामं असेल, तर साध्या तुलनेत गाडी मुकाट एल्समध्ये जाते, स्विच मात्र एक्सेप्शन फेकतो. मला ते फेकणंच बरं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकतं.

अजून जावा 8 वर असाल, तर स्विच वेगळ्या मेथडमध्ये काढा आणि प्रत्येक केसमधून थेट रिटर्न करा. मी त्या रात्री तेच केलं होतं.